‘रेनडिअर’ची व्युत्पत्ती मी कानावरून लावली

भाषांतर नव्याने करू लागलेल्यांनो, शब्द ओळखीचा वाटला की तिथेच थांबा. मी थांबले नाही, आणि ती तळटीप आठवली की अजून पोटात गोळा येतो.

युरोपच्या उत्तर टोकाच्या लॅपलँडवरचा जर्मन लेख होता. त्यात ‘रेनटियर’, म्हणजे रेनडिअर, आलं. ‘रेनन’ म्हणजे धावणं, ‘टियर’ म्हणजे प्राणी. मी खुशाल लिहिलं, ‘शब्दशः: धावणारा प्राणी’. संपादकांनी पान परत पाठवलं.

धावण्याचा त्यात काही संबंध नाही. खुद्द जर्मन लोकही फसले होते, म्हणून तर तो शब्द दोन ‘न’ घालूनही लिहिला जाई. स्कँडिनेव्हियातल्या जुन्या नॉर्स भाषेत या प्राण्याचं नावच ‘ह्रेइन्न’. त्याला ‘द्यूर’, म्हणजे प्राणी, जोडलं गेलं. इंग्रजी ‘रेनडिअर’मधला ‘रेन’ही तिथलाच, घोड्याच्या लगामाचा नव्हे. 9व्या शतकात ओहथेरे या नॉर्वेच्या दर्यावर्दीने इंग्लंडच्या आल्फ्रेड राजाला आपल्याकडच्या 600 माणसाळलेल्या जनावरांबद्दल सांगितलं. त्या जुन्या इंग्रजी नोंदीत त्यांना नुसतं ‘ह्रानास’ म्हटलंय. ‘डिअर’ तेव्हा कुठल्याही जनावराला चाले, हरणापुरता तो नंतर आक्रसला. आपला ‘मृग’ही तसाच: मृगेंद्र सिंह, शाखामृग माकड. शाळेत संस्कृत घेऊनही मला हे सुचलं नाही, याचं जास्त वाईट वाटतं.

म्हणून आधी जुनं रूप शोधा, अर्थ मग. मोबाइलवरचं झटपट भाषांतर कच्च्या खर्ड्यालाही नको, असं माझं ठाम मत आहे. आणि मार्गदर्शक असा धरा, जो उत्तर हातात न देता ‘हे कुठे पाहिलंस?’ विचारतो.

घाबरू मात्र नका. एकदा पोळलं की कोश आपोआप उघडला जातो.

वापराचंही पाहा. फिनिशमध्ये पाळीव तो ‘पोरो’, रानटी तो ‘पेउरा’. उत्तर अमेरिकेत त्याच प्राण्याला ‘कॅरिबू’ म्हणतात. ते नाव मिगमॉ या तिथल्या आदिवासींच्या भाषेतून फ्रेंचमार्गे आलं. माझ्या लेखातल्या जनावरांच्या कानांवर मालकाच्या खुणा कापलेल्या होत्या, तरी मी ‘रानटी कळप’ लिहून बसले होते. तेही त्याच संपादकांनी पकडलं. पुढचा लेख त्यांनी मलाच दिला. त्यात मी नुसतं ‘रेनडिअर’ लिहिलं, पुढे ‘हरीण’ जोडलं नाही.