लाइनआउट: उडी मारायची घाई नको, या चुका टाळा

दर पावसाळ्यात नेरुळच्या मैदानावर रग्बी शिकायला नवी पोरं येतात. निम्मी कबड्डीतून आलेली, उरलेली रील बघून. पहिल्याच दिवशी सगळ्यांना हवेत जायचं असतं. "दादा, मला लॉकला टाका ना." लॉक म्हणजे उडून चेंडू पकडणारा. अरे, पण तुला वर धरणार कोण?

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच: चेंडू टच लाइनबाहेर, म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेषेबाहेर गेला की लाइनआउट होतो: दोन्ही संघ रांगा लावतात, चेंडू मधून फेकला जातो आणि साथीदारांनी उचललेला माणूस तो हवेत पकडतो. ज्यांनी बाहेर घालवला त्यांच्या विरुद्ध संघाला सहसा थ्रो मिळतो. पेनल्टीची किक मारून बाहेर काढला तर मात्र मारणाऱ्यांनाच. टच लाइनपासून ५ आणि १५ मीटरवरच्या रेषांमध्ये दोन्ही रांगा, त्यांच्यात १ मीटर जागा. साधारणपणे २ नंबरचा हुकर फेकतो, ४ आणि ५ नंबरचे लॉक उडतात, १ आणि ३ नंबरचे प्रॉप उचलतात. ६ नंबरचा फ्लँकरही बऱ्याचदा उडतो. ९ नंबरचा स्क्रम-हाफ खाली आलेला चेंडू घ्यायला तयार.

आता माझं डोकं सगळ्यात जास्त फिरवणारी चूक. उचललेल्या माणसाला मध्येच सोडून देणं.

आमच्याकडे एक प्रॉप होता, ठाण्याच्या एका गोविंदा पथकात तळाच्या थराला उभा राहणारा. खांदे असे की भिंत वाटावी. "उचलायचं काय, आपण आयुष्यभर तेच करतोय," म्हणाला. गोकुळाष्टमीच्या आदल्या आठवड्यातली मॅच, मैदानात घोट्यापर्यंत चिखल. थ्रो मस्त आला, लॉकने दोन्ही हातांनी पकडला, चेंडू ९ नंबरकडे टाकला. आणि आमचे गोविंदा हात सोडून चेंडूमागे धावले! मागच्या एकट्याला वजन पेलेना. पोरगा धाडकन पाठीवर आपटला. माकडहाडाला असा मार बसला की तीन आठवडे लोकलमध्ये जागा रिकामी असली तरी तो उभ्याने यायचा. थर कोसळला तर खाली झेलायला शंभर हात असतात. इथे चारच, आणि त्यातले दोन पळालेले.

बरं, पकडही चुकलेली. त्याने गुडघे धरले होते. समोरून मांडीच्या खाली आणि मागून शॉर्ट्सच्या खाली धरायचं नाही, हा नियमच आहे. चेंडू कुणाकडेही गेला तरी आपल्या माणसाला नीट खाली आणायची जबाबदारी उचलणाऱ्यांची. तेव्हापासून माझ्याकडे एकच पद्धत. पहिले पंधरा दिवस चेंडू पिशवीत. नुसतं उचलायचं आणि उतरवायचं. जंपरने "टेकलो" म्हणेपर्यंत हात सुटता कामा नयेत. कंटाळा येतो, दोन-तीन पोरं सोडूनही जातात. जाऊ देत.

दुसरी चूक हुकरची. तो माणसाकडे बघून फेकतो. माणूस खाली उभा असतो, चेंडू वर पोचायला हवा! त्यात दुपारनंतर खाडीवरून वारा सुटला की चेंडू समोरच्यांच्या रांगेवर जातो. थ्रो सरळ नाही अशी शिट्टी वाजली की लाइनआउट घ्यायचा की स्क्रम (दोन्ही संघ एकमेकांत खांदे अडकवून ढकलतात तो), हे समोरचे ठरवतात. हुकरने रोज गोलपोस्टच्या खांबावर चाळीस थ्रो मारावेत. चाळीस म्हणजे चाळीस, "झाले की दादा" नाही.

थ्रो कुणाला जाणार हे आपसात सांगायच्या कोडवर्डचा सोसही आवरा. एका वर्षी आमच्या पोरांनी ट्रान्स हार्बरची स्टेशनं घेतली: ऐरोली म्हणजे पुढचा, घणसोली मधला, तुर्भे शेवटचा. स्वतःच्या हुशारीवर भलतेच खूश. समोरची टीम ठाण्याची, रोज त्याच लोकलने वाशीला जाणारी. दुसऱ्या लाइनआउटनंतर "घणसोली" ऐकलं की त्यांचा जंपर आमच्या आधी हवेत. स्टेशनं घ्याच, पण क्रमाने नको. आणि पहिल्या महिन्यात तीनच कोड. उचलता येत नसताना बारा कोड पाठ करणाऱ्यांना मी पाणी आणायला पाठवतो.

बाकीचं पटकन. मधली १ मीटर जागा खाऊ नका, फ्री किक जाते. फेकणाऱ्या संघापेक्षा जास्त माणसं रांगेत उभी करू नका. बॅक लाइनने, म्हणजे रांगेत नसलेल्या मागच्या खेळाडूंनी, १० मीटर मागे राहायचं, लाइनआउट संपेपर्यंत. हवेतल्या माणसाला ओढायचं नाही, सरळ पेनल्टी.

आणि क्विक थ्रो, म्हणजे रांगा लागायच्या आधीच पटकन फेकणं. तोच चेंडू हवा, आणि मैदानाबाहेरच्या कुणाचा हात त्याला लागलेला नसावा. एकदा कडेच्या चहावाल्याने घरंगळत आलेला चेंडू प्रेमाने उचलून आमच्या विंगरच्या हातात दिला. याने घाईत फेकला, ज्याने घेतला तो धावत सुटला, समोरच्यांच्या गोललाइनपलीकडे चेंडू टेकवून ट्रायसुद्धा केला. रेफरीने सगळ्यांना मागे बोलावलं. चहावाला मलाच विचारतोय, "साहेब, माझं काय चुकलं?"