गरम पाण्याला कुजक्या अंड्यांचा वास? गीझर बदलण्याआधी या चुका टाळा

चवथीसाठी बंद घर उघडलं, गीझर लावला आणि नळातून कुजक्या अंड्यांचा भपकारा आला, की गोव्यात पेडण्यापासून फोंड्यापर्यंत बहुतेक घरांत एकच निदान होतं: गीझर गेला. घाई करू नका. बहुतेक वेळा गीझर चांगलाच असतो.

वास कुठून येतो, हे न बघता खर्च करणं

एका ग्लासात गार आणि दुसऱ्यात गरम पाणी घ्या, अंगणात जा आणि तिथे हुंगा. न्हाणीघरात हुंगून काही कळत नाही, कारण घर बंद असलं की जाळीखालच्या ट्रॅपमधलं, म्हणजे वास अडवणाऱ्या वळणातलं, पाणी सुकतं आणि गटाराचा वास थेट वर येतो. तसं असेल तर बादलीभर पाणी ओतलं की काम झालं. या वासाला नाक लवकर सरावतं, म्हणून नुकत्याच बाहेरून आलेल्या माणसाला हुंगायला सांगा.

फक्त गरम पाण्याला वास असेल तर दोष गीझरच्या टाकीत. गार पाण्यालाही असेल तर विहिरीतून थेट कळशीभर पाणी ओढून बघा. ते स्वच्छ निघालं, तर गच्चीवरची टाकी धुवायला झाली आहे.

कांडी काढून टाकणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. साठवणीच्या गीझरमध्ये टाकीला गंज लागू नये म्हणून मॅग्नेशियमची कांडी असते. टाकीऐवजी ती झिजते. साचलेल्या, ऑक्सिजन नसलेल्या पाण्यात काही जिवाणू पाण्यातल्या सल्फेट क्षारांचं हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे कुजक्या अंड्यांच्या वासाचा वायू, करतात, आणि मॅग्नेशियम झिजताना सुटणारा हायड्रोजन त्यांना आयतं खाद्य होतो. म्हणूनच नवा गीझर बसवूनही वास परत येतो: नव्या गीझरबरोबर नवी कोरी कांडी आलेली असते. समुद्राजवळच्या विहिरीत खारं पाणी झिरपत असेल तर सल्फेटही भरपूर मिळतं.

मग प्लंबर कांडी काढतो, भोकाला बूच मारतो. वास जातो खरा, पण जांभ्यातलं पाणी बहुतेक मऊ आणि किंचित आम्लधर्मी. कांडीविना ते टाकीच खायला लागतं आणि वॉरंटीही जाऊ शकते. त्याऐवजी आपल्या मॉडेलला बसणारी अॅल्युमिनियम-झिंकची कांडी मागा. कांडी बहुधा कॉइलबरोबर खालच्या फ्लॅन्जवर, म्हणजे टाकीच्या बुडाच्या झाकणावर, असते. जुनी बाहेर आली की नीट बघा: पांढरट, खडबडीत झालेली, मधली लोखंडी तार उघडी पडलेली असेल तर ती तशीही बदलायचीच होती. फ्लॅन्ज उघडला आहे तर रबरी गॅस्केटही नवी घाला, नाहीतर दोन दिवसांत थेंब थेंब गळायला लागेल. मेन स्विच बंद केल्याशिवाय आणि पाणी गार झाल्याशिवाय हात लावू नका.

वीज वाचवायला तापमान फार कमी ठेवणं

कोमट पाणी या जिवाणूंना मानवतं. घर उघडल्यावर टाकीतलं जुनं पाणी सोडून द्या, ताजं भरून दोन-तीन तास 65 ते 70 अंशांवर तापवा आणि तेही सोडा. मुलांना मात्र तेवढा वेळ नळापासून लांब ठेवा, 60 अंशांचं पाणीही काही सेकंदांत भाजतं.

विहिरीत अंदाजाने ब्लीचिंग पावडर ओतणं

वास विहिरीच्याच पाण्याला असेल तर पावडर मोजून टाका. नेहमीच्या निर्जंतुकीकरणाला 1000 लिटरमागे सुमारे 2.5 ग्रॅम चांगली पावडर लागते. 3 मीटर व्यासाच्या विहिरीत 2 मीटर पाणी असेल तर ते साधारण 14,000 लिटर, म्हणजे 35 ग्रॅम पावडर. बादलीत कालवा, गाळ खाली बसू द्या, वरचं निवळ पाणीच विहिरीत सोडून ढवळा आणि निदान तासभर थांबा. कॅल्शियमचा थर काढायला वापरतात ते अॅसिड आणि ब्लीचिंग कधीही एकत्र करू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. वासाच्या विहिरीत माणूस उतरवू नका. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो, तळाशी साचतो आणि जीव घेतो.

वास अंड्यांचा नसून संडासाचा असेल, विशेषतः पावसात, तर ते पाणी पिणं लगेच थांबवा आणि प्रयोगशाळेत तपासून घ्या. शोषखड्डा विहिरीपासून निदान 15 मीटर लांब हवा. तो जवळ असेल तर कितीही पावडर टाकली तरी वास परत येणार, खड्डाच हलवावा लागेल.