शोषण, मुरणे की जिरणे : नेमका शब्द निवडण्याची रीत

नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्षबागायतदारांसाठी तयार झालेल्या एका पत्रकाचा मसुदा माझ्याकडे तपासायला आला होता. त्यात 'जमिनीत पाणी साचल्यास मुळांद्वारे होणारे अन्नद्रव्यांचे शोषण थांबते' असे वाक्य होते. विज्ञानाच्या दृष्टीने त्यात काही खोट नव्हती, पण ते मोठ्याने वाचून दाखवताच निफाडकडचे एक बागायतदार हसून म्हणाले, "शोषण थांबत असेल तर बरेच की!" इंग्रजीतला 'ॲब्सॉर्प्शन' हा एकच शब्द जिथे जिथे येतो, तिथे तिथे आपण 'शोषण' लिहून मोकळे होतो, आणि व्यवहारातली मराठी मात्र त्या एका शब्दासाठी दहा क्रियापदे वापरते. त्यांतले नेमके कोणते घ्यावे, हे ठरवताना मी स्वतःला काही प्रश्न विचारतो.

पहिला प्रश्न असा, की पदार्थ खरोखर आत शिरतो की नुसता पृष्ठभागाला धरून राहतो? वीट घ्या. कोरडी वीट वजन करून चोवीस तास पाण्यात बुडवून ठेवावी, बाहेर काढून फडक्याने पुसावी आणि पुन्हा वजन करावे. तीन किलोची वीट साडेतीन किलो भरली, तर तिने आपल्या वजनाच्या सुमारे १७ टक्के पाणी घेतले. साध्या विटेने २० टक्क्यांपेक्षा जास्त पाणी घेऊ नये, असा भारतीय मानकाचा दंडक आहे. गवंडी याला 'वीट पाणी पिते' म्हणतो आणि म्हणूनच बांधकामापूर्वी ती भिजवतो, नाहीतर ती मालातले पाणी ओढून घेते आणि सांधा कच्चा राहतो. पाणी विटेच्या पोटात गेले, म्हणून इथे शोषण हा शब्द अगदी योग्य आहे. याउलट औषधाच्या बाटलीत किंवा बुटांच्या खोक्यात सापडणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीत बाष्पाचे रेणू दाण्यांमधल्या अतिसूक्ष्म छिद्रांच्या भिंतींना चिकटून बसतात. पाणी गाळण्याच्या यंत्रातला सक्रिय कोळसाही असाच वागतो, आणि त्याच्या एका ग्रॅममध्ये ५०० चौरस मीटरहून अधिक पृष्ठभाग दडलेला असतो. या चिकटण्याला १८८१ मध्ये जर्मन भौतिकशास्त्रज्ञ हाइन्रिश कायझर यांनी 'ॲडसॉर्प्शन' हे वेगळे नाव दिले. मराठीत त्याला अधिशोषण किंवा पृष्ठशोषण म्हणतात. शाळेच्या प्रकल्पात या दोहोंची सरमिसळ फार होते, आणि ती मला खटकते.

दुसरा प्रश्न वेळेचा. पाऊस पडून संध्याकाळपर्यंत पाणी दिसेनासे झाले, तर ते 'जिरले'. म्हणूनच घोषणा 'पाणी अडवा, पाणी जिरवा' अशी आहे. लोणचे मात्र जिरत नाही, ते मुरते, कारण तिथे दिवस जावे लागतात आणि मीठमसाला आत शिरता शिरता फोडच बदलून जाते. मुरलेला राजकारणी आणि जिरलेला राजकारणी यांत केवढे अंतर आहे, ते सांगायला नकोच.

जमीन पाणी किती वेगाने जिरवते हे पाहायचे असेल, तर फूटभर खोल खड्डा खणावा, तो पाण्याने भरावा आणि रिकामा होऊ द्यावा. मग पुन्हा भरून तासाभरात पातळी किती उतरली ते पट्टीने मोजावे. नोंद दुसऱ्या भरण्याचीच करावी, पहिल्याची नव्हे. गोदाकाठच्या खोल काळ्या जमिनीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिले पाणी त्या भेगांतून सरळ खाली पळते आणि जमीन फार पाणी पिते असा भास होतो. पण चिकणमाती फुगून भेगा मिटल्या, की तीच जमीन पाणी घ्यायला कुरकुर करते. मुरमाड जमिनीत असा फरक फारसा दिसत नाही.

तिसरा प्रश्न: आत जाते ते द्रव्य की ऊर्जा? प्रकाश, उष्णता आणि ध्वनी यांच्या बाबतीत शोषण म्हणजे रूप पालटणे. काळी छत्री ऊन शोषते, म्हणजे प्रकाशाची उष्णता होते. १८१४ मध्ये जर्मन संशोधक योझेफ फ्राउनहोफर यांनी सूर्याच्या वर्णपटातल्या शेकडो काळ्या रेषांची नोंद केली, आणि १८५९ मध्ये जर्मन भौतिकशास्त्रज्ञ किर्खहोफ यांनी दाखवले, की जे मूलद्रव्य तापल्यावर जो प्रकाश देते, तोच प्रकाश त्याची तुलनेने थंड वाफ शोषून घेते; त्या काळ्या रेषा म्हणजे अशा शोषलेल्या प्रकाशाच्या रिकाम्या जागा. नाशिकच्या कालिदास कलामंदिर या नाट्यगृहात तालमीला घुमणारा आवाज भरल्या प्रयोगाला घुमत नाही, कारण प्रेक्षकांचे कपडे आणि अंगे तो शोषतात. मोटरसायकलचा शॉकअपही हेच करतो. तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते आणि हादऱ्याची ऊर्जा उष्णतेत जाते. मराठीत आपण हादरा मात्र 'शोषत' नाही, तो सोसतो किंवा पेलतो.

शरीराविषयी लिहिताना पचन आणि शोषण वेगळे ठेवावे. अन्नाचे तुकडे होणे हे पचन. ते तुकडे लहान आतड्याच्या अस्तरातून रक्तात जाणे हे शोषण. यासाठी आपल्याकडे 'अंगी लागणे' हा फार नेमका प्रयोग आहे. लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर ती पोटात जाते, पण पुरती अंगी लागत नाही. लिंबूपाण्याबरोबर घेतली तर अधिक लागते.

उरलेले अर्थ लवकर निकाली निघतात. कागद शाई टिपतो, बंद पडलेल्या विभागातले कर्मचारी दुसरीकडे सामावून घेतले जातात, दुकानदार दरवाढ स्वतः सोसतो, वाचक पुस्तकात गढून जातो. यांपैकी कुठेही 'शोषण' लिहिले तर वाक्य एक तर हास्यास्पद होते, नाहीतर कामगार न्यायालयात पोहोचते.

त्या पत्रकातले वाक्य आम्ही शेवटी त्या बागायतदारांच्याच तोंडून घेतले. पाणी साचले की मुळांना हवा मिळत नाही, आणि हवेशिवाय मुळांना अन्नद्रव्ये आत ओढण्याची ताकद राहत नाही, हे मी त्यांना समजावून सांगितले. त्यावर ते म्हणाले, "मग असे लिहा ना, की जमीन वाफशावर नसली तर मुळे अन्न उचलत नाहीत." वाफसा म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही बेताची असणे. वाक्य तसेच छापले.