गाडीचं हूड गळतंय? चुका मारण्याआधी या चुका टाळा

मे महिना अर्धा सरला की साताऱ्यात माझ्या कुशनच्या दुकानासमोर हूडच्या, म्हणजे मिटणाऱ्या कापडी छपराच्या, गाड्या लागायला सुरुवात होते. बहुतेक जुन्या जीपगाड्या, अधूनमधून एखादी मॉरिस मायनर. सगळ्यांचं म्हणणं एकच, पावसाच्या आत हूड बदलून द्या. माझाही प्रश्न ठरलेला असतो : पाणी नेमकं कुठून येतं, ते पाहिलंत का?

गेल्या वर्षी वाईहून एक काका त्यांची मायनर घेऊन आले. ही गाडी इंग्लंडमध्ये १९४८ साली आली आणि तिचं उघडं मॉडेल १९६९पर्यंत निघत होतं. म्हणजे त्यातली सगळ्यात धाकटी गाडीसुद्धा आज पन्नाशी ओलांडून गेलेली आहे. काका म्हणाले, "दोन वर्षांपूर्वी नवं हूड घातलंय, तरी डाव्या सीटखाली तळं साचतं. काढून टाक आणि दुसरं शिव."

"काका, कापड नंतर बघू. आधी तुम्ही आत बसा आणि ही बॅटरी धरा."

गाडीत खाली वर्तमानपत्र पसरलं आणि मी बाहेरून पाइपने पाणी सोडलं. हे पाणी खालून वर जात सोडायचं. आधी दाराची कड, मग काचेची फट, मग शिलाई, सगळ्यात शेवटी माथा. एका जागी दोन-तीन मिनिटं थांबायचं. वरून एकदम धार मारली की सगळीकडून पाणी येतं आणि काहीच कळत नाही. सर्व्हिसिंगचा प्रेशर पाइप तर अजिबात नको, तो धड शिलाईतूनही पाणी आत घालतो. काकांच्या गाडीत कापड कोरडंठाक होतं. थेंब येत होता दाराची काच आणि हूडचं रबर यांच्यामधून. बिजागरी झिजून दार खाली बसलं होतं, त्यामुळे काच रबरापर्यंत पोचतच नव्हती. रबरावर खडू घासून काच वर केली, तर मागच्या चार बोटांत काचेला खडू लागलाच नाही. बिजागरी दुरुस्त करून घेतली, रबराचा एक तुकडा बदलला. हूडला हातही लावला नाही.

"म्हणजे मागच्या वेळचे पैसे पाण्यात गेले की रे!" काका म्हणाले.

सांगाडा न तपासता कापड कापणं

हूड म्हणजे कापड, असं गिऱ्हाईक समजतं. खरं हूड म्हणजे त्याखालच्या कमानी, त्यांचे सांधे आणि कमानींना जोडणारे पट्टे. कापड त्यावर फक्त बसतं. सांध्यातलं रिव्हेट झिजलं की कमान बोटभर इकडेतिकडे हलते आणि नवं कापड पहिल्या महिन्यातच सुरकुततं. म्हणून जुनं कापड काढल्यावर नुसता सांगाडा चार-पाच वेळा उघडून मिटून बघा. एका बाजूला अडकतो का? पुढची पट्टी काचेच्या फ्रेमवर दोन्हीकडे सारखी टेकते का?

मायनरसारख्या गाड्यांना वेगळी चेसी नाही, बॉडीच सगळा भार घेते. त्यात वरचं छप्परही नसल्याने भार तळाच्या पत्र्यावर येतो. दाराखालची पेटी गंजली की गाडी मधे वाकते आणि दाराच्या वरच्या कोपऱ्यातली फट बारीक होते. अशा गाडीवर जगातलं कुठलंही हूड नीट बसणार नाही. आधी पत्र्याचं काम करून घ्या, मग माझ्याकडे या. अशी गाडी मी परत पाठवतो आणि त्याचा मला पश्चात्ताप होत नाही.

पट्ट्यांची मापं न घेणं

कमानींमधलं अंतर नवारीच्या पट्ट्यांनी धरलेलं असतं. जुनं कापड फाडताना घाईत पट्टेही कापले, की कोणती कमान कुठे होती याचा पत्ता लागत नाही. आधी फोटो काढा, सुतळीने कमानी जागच्या जागी बांधा, अंतरं पाटीवर लिहून ठेवा. नवे पट्टे सुती नवारीचे घेऊ नका, ते ओले-सुके होऊन ढिले पडतात. पॉलिस्टरचा विणलेला पट्टा घ्या. पट्टा ढिला पडला की दोन कमानींच्या मधे झोळ येतो, झोळात पाणी साचतं आणि साचलेलं पाणी शिलाईतून वाट काढतंच.

चुका, लाकूड आणि कापड

आमच्या धंद्यात चपट्या डोक्याच्या बारीक खिळ्याला चूक म्हणतात. जुन्या मोटारींत कापडाची कड लाकडी पट्टीवर अशा चुकांनी मारलेली असते. कापड उचलून बघा : प्रत्येक चुकेभोवती काळं वर्तुळ दिसेल आणि पेचकस टोचला तर लाकूड भुशासारखं सुटेल. त्याच पट्टीवर नवं कापड मारलं, तर चूक धरणार कशाला? पट्टी नवी करा, सागाची चांगली. चुका किंवा स्टेपल पिना स्टेनलेस स्टीलच्याच वापरा. साध्या लोखंडाच्या दोन पावसाळ्यांत गंजतात आणि कापडही कुजवतात.

कापड मारताना सुरुवात नेहमी मधून. कमानींवर आणि कापडावर खडूने मध्यरेषा आखा, पुढे-मागे मधे एकेक चूक अर्धीच ठोका, मग दोन्ही बाजूंना थोडं थोडं सरका. एका कोपऱ्यातून ताणत गेलात तर दुसऱ्या कोपऱ्यात कापड तिरकं येणारच.

किती ताणायचं, यात मी स्वतः फसलो आहे. धंद्यात नवा होतो तेव्हा एका जीपला साध्या सुती कॅनव्हासचं हूड मे महिन्यात ढोलकीसारखं ताणून बसवलं. मालक खूश होता. जूनच्या पहिल्या पावसात कॅनव्हास भिजून आटला आणि पुढच्या पट्टीचे स्क्रू लाकडासकट उपटून आले. ते काम मी फुकट परत केलं. तेव्हापासून सुती कापड आधी भिजवून वाळवतो, मगच मापाला घेतो. रेक्झिनचं उलटं. गार हवेत ते ताठ असतं, तसंच बसवलं तर ऊन लागल्यावर सैल पडतं. बसवण्याआधी ते उन्हात पसरून मऊ होऊ द्या. आणि नवं हूड लगेच मिटू नका. किमान आठवडाभर, जमलं तर दोन आठवडे, तसंच लावून ठेवा.

शिलाई

रिक्षाची हूडं शिवणारे कारागीर आपल्याकडे उत्तम आहेत. त्यांच्याकडून काम करून घ्यायला काहीच हरकत नाही, फक्त दोन गोष्टी स्पष्ट सांगा. दोरा सुती नको, जाड पॉलिस्टरचा हवा. टाका बारीक नको, इंचाला सहाच्या आसपास पुरे. रेक्झिनला दाट टाके घातले तर भोकांची रांग तयार होते आणि पोस्टाच्या तिकिटासारखं कापड त्या रेषेत फाटतं. जोडाची वरची घडी खालच्यावर अशी यायला हवी की पाणी ओघळून जाईल, घरावरच्या कौलांसारखी.

गळणाऱ्या शिलाईवर सिलिकॉन फासणं ही माझ्या मते सगळ्यात महागडी चूक. त्यावर नंतर दुसरं काहीच चिकटत नाही. शिवाय व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारं सिलिकॉन सुकताना आम्ल सोडतं आणि जवळचा पत्रा गंजवतं. शिलाईसाठी पातळ सीम सीलर मिळतो, तो आतून ब्रशने लावा.

मागचं प्लास्टिक

सांगलीकडच्या गाड्यांची हूडं उन्हाने जातात, आमच्याकडची ओलीने. सांगली-मिरजेहून येणाऱ्या गाड्यांत मागच्या खिडकीचं प्लास्टिक आधी पिवळं, मग कडक होतं आणि एका थंड सकाळी मिटताना तडकतं. पिवळेपणा पॉलिशने थोडा जातो, तडा जात नाही. त्यावर रॉकेल, पेट्रोल किंवा काच पुसायचं अमोनियाचं पाणी लावू नका. धूळ कोरड्या फडक्याने पुसू नका, आधी पाणी ओता. मिटताना मधे जुनी फ्लॅनेलची चादर ठेवा आणि घडीला चुणी पडू देऊ नका.

ओलं हूड मिटणं

कासला किंवा महाबळेश्वरला जाऊन आलेली गाडी रात्री तशीच मिटून शेडमध्ये लावली, की चार दिवसांत घडीमध्ये काळी बुरशी धरते. कापडाच्या आतल्या थरात गेलेले ते डाग पूर्ण निघत नाहीत. घरी आलात की पंख्याखाली हूड उघडं पसरून ठेवा, रात्रभर. धुवायचं असेल तर कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश. कपड्यांची पावडर आणि ब्लीच दोन्ही दूर ठेवा.

हूड मिटून ज्या खोबणीत बसतं, तिथे खाली पाणी जाण्याची भोकं असतात का ते चाचपून बघा. वडा-पिंपळाखाली लागणाऱ्या गाड्यांत ती पानांनी हमखास बुजलेली असतात. जुन्या सायकलच्या ब्रेकची केबल हळूच आत सरकवा, तारेने टोचू नका. मग पेलाभर पाणी ओता आणि गाडीखाली वाकून पाहा, कुठून पडतं ते.