दोरी ओढून दमलात? आधी प्लग काढून पाहा

पाऊस ओसरायला लागला की कोकणात आंब्या-काजूच्या बागांत कंबरभर गवत उभं असतं आणि माळ्यावरचा ग्रास कटर खाली येतो. टाकीत गेल्या हंगामातलं पेट्रोल, ठिणगी पाडणारा प्लगही तोच. देशावर हीच गत पॉवर वीडरची आणि पाणी उपसायच्या पंपसेटची. इंजिन अडून बसलं की आपणही इरेला पेटतो. चोक (हवा अडवून पेट्रोल जास्त ओढायला लावणारा खटका) लावून आणखी वीसदा दोरी ओढायची, तरी नाही झालं तर एअर फिल्टर काढून कार्बोरेटरच्या, म्हणजे पेट्रोल नि हवा मिसळणाऱ्या भागाच्या, तोंडात पेट्रोलची धार सोडायची. पहिल्या उपायाने इंजिन आणखी अडतं, दुसऱ्याने भुवया जळतात.

चालू न होणाऱ्या पेट्रोल इंजिनाचं बहुधा दोनपैकी एक झालेलं असतं. त्याच्यापर्यंत पेट्रोल पोचत नाही, नाहीतर नको तेवढं पोचलंय. दोन्हींवरचे उपाय नेमके उलट आहेत. म्हणून अंदाजाने काही करण्याआधी प्लग काढून तो ओला आहे की कोरडा, हे पाहणं भाग आहे.

सुरुवात जागेपासून

इंजिन उघड्यावर, सपाट जागी आणा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर जात नाही, जमिनीलगत सरकत पडवीतल्या चुलीपर्यंत किंवा न्हाणीघराच्या बंबापर्यंत पोचते. पेट्रोल भरून झालं की कॅन घट्ट बंद करा आणि इंजिन तिथून किमान 3 मीटर लांब नेऊन मगच दोरीला हात घाला. बंद शेडमध्ये किंवा विहिरीत उतरवलेलं इंजिन सुरू करणं तर सरळ जिवाशी खेळ आहे. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. भोवळ येईपर्यंत माणसाला पत्ता लागत नाही.

ओढणी, पदर, गळ्यातला गमछा आधी बाजूला. पात्याला किंवा वीडरच्या दातांना हात लावायचा असेल तर प्लगची टोपी काढूनच.

जुनं पेट्रोल ओता

ही पायरी लोक हमखास टाळतात. पेट्रोल महाग आहे, फेकवत नाही, हे खरंच. पण आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल ओलावा ओढून घेतं. कोकणातल्या दमट हवेत अर्धी भरलेली टाकी चार-सहा महिने पडून राहिली, तर पाणी नि इथेनॉल वेगळं होऊन तळाशी बसू शकतं, आणि टाकीतली नळी नेमकी तळातूनच ओढते. थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून उजेडात धरा. खाली वेगळा थर दिसला, गढूळ वाटलं किंवा वार्निशसारखा आंबूस वास आला, तर ते टाकीत ठेवू नका. विहिरीजवळ किंवा गटारात ओतू नका. गॅरेजवाल्याला विचारून त्याची सोय लावा.

टू-स्ट्रोक यंत्राला, म्हणजे ज्याच्या इंजिनात ऑइल वेगळं भरत नाहीत त्याला, ऑइल मिसळलेलंच पेट्रोल लागतं. प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेत असतं. 50:1 म्हणजे लिटरला 20 मिली, 25:1 म्हणजे लिटरला 40 मिली. ऑइल जास्त घातलं की इंजिन जास्त टिकतं हा गैरसमज आहे. जास्त ऑइलने प्लग काळा होतो आणि पुढच्या वेळी पुन्हा हीच कथा.

फुगा आणि चोक

कार्बोरेटरखाली रबराचा पारदर्शक फुगा असतो. तो कशासाठी, यावर बराच गोंधळ आहे. बहुतेक ग्रास कटरमध्ये तो टाकीतलं पेट्रोल कार्बोरेटरमधून ओढतो आणि जास्तीचं दुसऱ्या नळीने टाकीत परत सोडतो. फुग्यातली हवा जाऊन त्यात पेट्रोल दिसेपर्यंत सात-आठ वेळा दाबा. दोन वेळा जास्त दाबला तरी बिघडत नाही. काही लॉनमोअरचा फुगा मात्र पेट्रोल थेट कार्बोरेटरच्या घशात ढकलतो. तिथे पुस्तिकेत लिहिलंय तेवढ्याच वेळा दाबायचं, नाहीतर इंजिन जागीच तुंबतं.

1. स्विच ‘ऑन’ आहे ना, पेट्रोलचा कॉक उघडा आहे ना, पाहा. हसू नका, गॅरेजात येणारी बरीच इंजिनं इथेच दुरुस्त होतात.
2. इंजिन थंड असेल तर चोक लावा. नुकतंच बंद केलेल्या गरम इंजिनाला चोक नको.
3. यंत्र जमिनीवर टेकवा, पातं कशालाही लागू देऊ नका, डाव्या हाताने इंजिन दाबून धरा. चोक लावला की बऱ्याच यंत्रांत एक्सिलेटरही थोडा उघडतो, त्यामुळे इंजिन लागताच पातं फिरू शकतं.
4. दोरी हळू ओढा. जड लागली की तिथून एक झटका. दोरी शेवटपर्यंत खेचू नका आणि सोडून देऊ नका, हातानेच परत आत जाऊ द्या.
5. तीन-चार झटक्यांत ‘फट्’ असा एक आवाज येतो आणि इंजिन लगेच बंद पडतं. तेवढा आवाज आला की चोक काढा आणि पुन्हा ओढा.

सगळी मेख या ‘फट्’मध्ये आहे. तो आवाज अगदी बारीक असतो, शेजारी कोणी बोलत असेल तर ऐकूही येत नाही. चुकला की माणूस चोक तसाच ठेवून ओढत राहतो आणि प्रत्येक झटक्याला आणखी पेट्रोल आत जातं. म्हणून आवाज आला असो वा नसो, पाच झटके झाले की थांबा आणि प्लग काढा.

प्लग ओला निघाला तर

इंजिन थंड असताना, यंत्रासोबत आलेल्या पान्याने प्लग काढा. टोक पेट्रोलने चकाकत असेल तर सिलिंडर तुंबलाय. स्विच बंद करा, पेट्रोलचा कॉक असेल तर तोही बंद करा. चोक काढा, एक्सिलेटर पूर्ण दाबा, प्लगची टोपी भोकापासून लांब ठेवा आणि दहा-बारा वेळा दोरी ओढा. भोकातून पेट्रोलचा फवारा उडेल, तेव्हा त्यावर वाकू नका. या वेळी ठिणगी तपासायचा मोह तर मुळीच नको. फवारा आणि ठिणगी एकत्र आली की भडका ठरलेला.

प्लग कोरड्या फडक्याने पुसा. काजळी असेल तर तांब्या-पितळेच्या तारेच्या ब्रशने काढा. गॅप, म्हणजे प्लगच्या दोन टोकांमधली फट, ग्रास कटरला साधारण 0.6 ते 0.7 मिलिमीटर असते. प्लग पेटवून सुकवायची पद्धत बरीच चालते, पण पेट्रोलजवळ काडी ओढण्यापेक्षा दहा-पंधरा मिनिटं उन्हात ठेवणं बरं. नवा प्लगही फार महाग नसतो. बसवताना आटे आधी बोटांनी धरवा. सिलिंडरचं डोकं ॲल्युमिनियमचं असतं, तिरका बसलेला प्लग आटे खाऊन टाकतो. मग चोक न लावता ओढा.

प्लग कोरडा असेल तर

पेट्रोल वर येत नाही. आधी टाकीचं झाकण सैल करा. ‘स्स्’ असा हवा ओढल्याचा आवाज आला, तर झाकणातलं हवेचं बारीक भोक बुजलंय. मग टाकीतल्या नळीच्या टोकाचा फिल्टर गच्च झालाय का, नळी चिरलीय का, पाहा. वर्षभर पडून राहिलेल्या यंत्रात कार्बोरेटरमधला डायफ्रॅम, म्हणजे पेट्रोल ओढणारा लवचीक पडदा, कडक होतो. तो नवा बसवण्याखेरीज इलाज नाही.

पेट्रोल पोचत नाही याची खात्री करायची तर एक साधी परीक्षा आहे. स्विच बंद ठेवून प्लगच्या भोकात ड्रॉपरने चार-पाच थेंब सोडा, टू-स्ट्रोकला ऑइल मिसळलेले. प्लग आणि एअर फिल्टर जागेवर बसवा, सांडलेलं पुसा, कॅन लांब न्या, मग स्विच लावून ओढा. दोन सेकंद चालून बंद पडलं तर ठिणगी आणि सिलिंडरमधला दाब दोन्ही ठीक, दोष पेट्रोलच्या वाटेत. तरीही मुकाट बसलं, तर ठिणगीकडे वळा.

पंपसेट असेल तर

फोर-स्ट्रोक पंपसेटच्या ऑइलची पातळी पाहा. बऱ्याच इंजिनांत ऑइल कमी झालं की ठिणगीच तोडणारा सेन्सर असतो, आणि इंजिन उतारावर ठेवलं तरी तो फसतो. सुरू करण्याआधी पंपाच्या पोटात पाणी भरा. कोरडा पंप पाणी तर ओढत नाहीच, त्याचं सीलही जळतं.

पेट्रोल-केरोसीनवरचं इंजिन पेट्रोलवर सुरू करतात आणि गरम झालं की केरोसीनवर टाकतात. बंद करताना उलट क्रम लागतो: काही मिनिटं पुन्हा पेट्रोलवर चालवायचं. नाही चालवलं तर कार्बोरेटरच्या खालच्या वाटीत केरोसीन उरतं आणि थंड इंजिन त्यावर पेटत नाही. वाटीच्या बुडाचा स्क्रू सैल करून ते काढलं की निम्मी तक्रार मिटते.

डिझेल इंजिनाने एअर घेतली तर

टाकी कोरडी पडली की नळीत हवा शिरते. टाकी भरा. फिल्टरवरचा एअर-स्क्रू सैल करा, बुडबुडे संपून अखंड धार आली की आवळा. मग फ्युएल पंपावरचा स्क्रू, तसाच. नंतर डिकॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडणारा, खटका वर करून हँडल फिरवा. सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या नोझलमधून ‘कर्र कर्र’ आवाज आला की डिझेल पोचलं. नोझल बाहेर काढून तिच्या फवाऱ्यापुढे कधीही बोट धरू नका. तो फवारा कातडी भेदून आत जातो. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसली तरी तासाभराची वाट न पाहता दवाखाना गाठायचा.

हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवा, मुठीभोवती वळवू नका. इंजिनाने उलटा झटका दिला तर हँडल हातातून निसटतं, मनगट वाचतं. थंडीत एअर फिल्टरच्या तोंडाशी पेटती चिंधी धरण्याचा किंवा ईथरचा फवारा मारण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. ग्लो प्लग (थंड इंजिन तापवणारी विजेची कांडी) असलेल्या इंजिनात ईथर वेळेआधी पेटून पिस्टन फोडू शकतो.

दोरी किंवा हँडल नेहमीपेक्षा हलकं फिरत असेल, मध्ये कुठे अडकतच नसेल, तर दाब गेलाय. रिंग घासल्या असतील किंवा व्हॉल्व्ह नीट बसत नसेल. ते काम गॅरेजचं.