भेट आलेलं सॉफ्टबॉलचं सामान: या चुका टाळा

दिवाळीत मुंबईहून आत्या येते, नाताळच्या सुमारास अमेरिकेतल्या मामाचं पार्सल येतं, आणि खोक्यातून नवी कोरी बॅट, ग्लोव्ह, चेंडू बाहेर पडतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गात सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलीसाठी याहून मोठा आनंद नाही, कारण आपल्या बाजारात क्रिकेटचं सगळं मिळतं आणि सॉफ्टबॉलचं मागवावं लागतं. पण पाठवणाऱ्याने मुलीचा हात पाहिलेला नसतो, आपलं मैदान पाहिलेलं नसतं, आणि इथला पाऊस तर नाहीच नाही. म्हणून त्याच दिवशी मैदानावर धाव घेऊ नका. आधी सामान घरातच नीट तपासा.

ग्लोव्ह कोणत्या हाताचा?

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. फोनवर विचारतात, "ती उजवीच ना?" आपण हो म्हणतो, आणि उजव्या हातात घालायचा ग्लोव्ह येतो. ग्लोव्ह घालायचा असतो न फेकणाऱ्या हातात. उजव्या हाताने फेकणाऱ्या मुलीला तो डाव्या हाताचा लागतो. खोक्यावर 'राइट हँड थ्रो' किंवा 'आरएचटी' असेल तर तो तिचाच. चुकीचा आला तर ओढूनताणून वापरू नका. बदलून घ्या, नाहीतर संघातल्या डावखुऱ्या मुलीला द्या. उलट्या हाताने झेलायची सवय लागली की ती मोडायला फार दिवस जातात.

दुसरी चूक मापाची. गणवेश वाढत्या अंगाचा घेतो तसा ग्लोव्ह घेऊ नये. दहा-बारा वर्षांच्या मुलीला ११ ते १२ इंचांचा पुरतो. १३ इंचांचा तिला मिटताच येत नाही, चेंडू आत येऊन बाहेर पडतो आणि दोष तिच्या हाताला लागतो. बेसबॉलचा ग्लोव्हही चालवून घेऊ नका. सॉफ्टबॉलच्या चेंडूचा घेर १२ इंच, बेसबॉलचा साधारण ९. उथळ खोबणीत मोठा चेंडू बसत नाही.

नवा ग्लोव्ह कडक असतोच. तो मऊ करायला घरोघरी खोबरेल चोपडतात. तेल चामड्यात मुरतं, ग्लोव्ह जड आणि लिबलिबीत होतो. पाण्यात बुडवणं किंवा कडक उन्हात ठेवणंही नको, चामडं तडकतं. चामड्याचं कंडिशनर अगदी पातळ लावा, खोबणीत चेंडू ठेवून पट्ट्याने बांधा, आणि रोज थोडा वेळ फेकाफेकी करा. ग्लोव्ह झेलूनच मऊ होतो.

बॅट आणि हेल्मेट

सॉफ्टबॉलची बॅट जास्तीत जास्त ३४ इंच लांब आणि सव्वादोन इंच जाडीची असते. बेसबॉलची बॅट याहून जाड असू शकते आणि ती सामन्यात चालत नाही. स्लोपिचची, म्हणजे हळू आणि उंच टाकलेल्या चेंडूच्या खेळाची, बॅटही वेगळी. शाळेत खेळतात ते फास्टपिच, त्यात चेंडू वेगाने येतो; त्याला ती घेऊ नका. वजनासाठी सोपी परीक्षा: मुलीला एका हाताने बॅट बाजूला सरळ धरायला सांगा. पंधरा-वीस सेकंदांत हात खाली झुकला तर बॅट जड आहे.

कंपोझिट (कार्बन फायबरसारख्या धाग्यांच्या थरांची) बॅट आली असेल तर तिने पिचिंग मशीनचे, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या यंत्राचे, खळगेवाले कडक चेंडू मारू नका, ती तडकते.

हेल्मेट मात्र भेटीत क्वचितच येतं. पुढच्या वेळी कुणी काय पाठवू असं विचारलं, तर बॅटच्या आधी दोन्ही कान झाकणारं, तोंडापुढे जाळी असलेलं हेल्मेट सांगा. डोकं हलवलं तरी ते हलता कामा नये.

पिचिंग मशीनचा प्लग

अमेरिकेतलं मशीन तिथल्या १२० व्होल्टसाठी असतं, आपल्या घरात २३० व्होल्ट येतात. प्लगला साधा अडॅप्टर लावून चालू केलं की मोटर जळते. आधी मशीनच्या पट्टीवरचे आकडे वाचा. फक्त १२० लिहिलं असेल तर व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागेल, तोही मशीनपेक्षा जास्त वॅटचा. वायरमनला पट्टी दाखवूनच घ्या. तिथली वीज ६० हर्ट्झची, आपली ५०ची, त्यामुळे काही मोटरचा वेग बदलतो. होम प्लेटवर, म्हणजे बॅट घेऊन उभं राहतात त्या जागी, कुणाला उभं करण्याआधी काही चेंडू रिकाम्या मैदानात सोडून बघा.

व्हिडिओ, पुस्तकं आणि फुटांचे आकडे

भेटीसोबत प्रशिक्षणाच्या व्हिडिओंचं सभासदत्व किंवा पुस्तक आलं तर ते जपून ठेवा, फार मोलाचं आहे. पण त्यातली अंतरं अमेरिकेतल्या वयोगटांची असतात. तिथे दहा वर्षांखालच्या मुली ३५ फुटांवरून आणि ११ इंची चेंडूने पिचिंग करतात, बारा वर्षांखालच्या ४० फुटांवरून. महिलांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यात ते अंतर ४३ फूट, म्हणजे १३.११ मीटर आहे. आपल्या स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या गटांत होतात. तेव्हा चुना मारण्याआधी क्रीडाशिक्षकांकडून आपल्या गटाचा नियम विचारून घ्या. मोजमाप होम प्लेटच्या मागच्या टोकापासून करायचं. ६० फुटांच्या बेसलाइन (बेसना जोडणाऱ्या रेषा) आखल्यावर होमपासून दुसऱ्या बेसपर्यंतचं अंतर २५.८६ मीटर भरलं, तर चौकोन बरोबर जमला.

आणि एक कळकळीची विनंती. एकाच आठवड्यात पाच व्हिडिओंतल्या पाच सूचना मुलीवर लादू नका. मनगट की पाऊल, एका वेळी एकच. हात खालून फिरतो म्हणून खांद्यावर ताण येत नाही, हा समज चुकीचा आहे. विंडमिल पिचिंगमध्ये, म्हणजे हात पवनचक्कीसारखा गोल फिरवून चेंडू टाकताना, खांद्यावर मोठा जोर येतो. जड सरावाचे चेंडू आले असतील तर लहान मुलीला ते पूर्ण वेगात टाकायला देऊ नका, आणि खांदा दुखतो म्हणाली की त्या दिवशी पिचिंग बंद.

जांभा, वाळू आणि जून महिना

हा खेळ १८८७ साली शिकागोत, थँक्सगिव्हिंग या अमेरिकन सणाच्या सुट्टीत, एका बंद हॉलमध्ये सुरू झाला. आपल्याकडे तो जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, येऊन पोचला आहे, आणि सामानाला हे सोसावं लागतं. नवे चेंडू सड्यावर काही दिवसांत सोलवटतात. क्षेत्ररक्षणाच्या सरावाला जुने वापरा, नवे बॅटिंगला ठेवा. लोखंडी स्पाइक्स कातळावर घसरतात, रबरी खिळ्यांचे बूट बरे. ओहोटीच्या घट्ट वाळूवर धावण्याचा सराव उत्तम होतो, पण चेंडू खाऱ्या पाण्यात गेला तर तो फुगतो आणि जड होतो. मशीन तर किनाऱ्यावर नेऊच नका.

सरावाची जाळी भेटीत आली नसेल तर विकत घेण्याची घाई करू नका. हर्णै, मिरकरवाडा किंवा मालवणच्या बंदरावर मच्छीमारांकडे टाकून दिलेलं जुनं नायलॉनचं जाळं मिळू शकतं. चेंडूचा व्यास साधारण पावणेदहा सेंटिमीटर, त्याहून भोकं बारीक हवीत. जाळं ताणून न बांधता सैल सोडा, म्हणजे चेंडूचा वेग त्यातच मरतो आणि तो उलटून अंगावर येत नाही.

मे संपता संपता सामान प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर टाकतात. ऑगस्टमध्ये काढलं की ग्लोव्हवर पांढरी-हिरवी बुरशी, सरावाच्या जाळीच्या चौकटीतल्या नळ्यांना गंज. ग्लोव्ह कोरड्या फडक्याने पुसून सुती पिशवीत, बुटांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि दर आठवड्याला बाहेर काढा. बुरशी आलीच तर ती अंगणात झटका, घरात नको. मग पुसून, सावलीत वाऱ्यावर वाळवून कंडिशनरचा पातळ हात द्या. मशीनच्या स्प्रिंगना आणि लोखंडी नळ्यांना ग्रीस लावायचं ते पहिला पाऊस पडण्याआधी.