वायरगार्ड: थेट न जोडलेले दोन पीअर एकमेकांपर्यंत कसे पोचले

नाशिकचं घर आणि गावाकडचं घर, दोन्हीकडे सिमवरचं नेट. सार्वजनिक आयपी (बाहेरून थेट गाठता येणारा पत्ता) कुठेच नाही, म्हणून दोन्हीकडचे रास्पबेरी पाय (छोटे संगणक) भाड्याच्या लिनक्स सर्व्हरला वायरगार्ड या व्हीपीएनने (इंटरनेटवरून खाजगी जोडणी) जोडलेले. असं जोडलेलं प्रत्येक यंत्र म्हणजे पीअर. सर्व्हरला पिंग (पोच तपासणारं पॅकेट) जायचं, एकमेकांना नाही.

सर्व्हरवर टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारं साधन) लावला. पॅकेट येत होतं, पुढे जात नव्हतं. लिनक्समध्ये आयपी फॉरवर्डिंग (दुसऱ्यासाठी आलेलं पॅकेट पुढे पाठवणं) मुळात बंद असतं. ते चालू केलं आणि फायरवॉलमध्ये डब्ल्यूजी० (सर्व्हरवरचा वायरगार्डचा इंटरफेस) मधून डब्ल्यूजी० कडेच जायला परवानगी दिली.

खरी गोम अलाउड-आयपीजमध्ये, म्हणजे प्रत्येक पीअरच्या नोंदीतल्या पत्त्यांच्या यादीत आहे. ही यादी दोन कामं करते: जाताना पॅकेट कोणत्या पीअरकडे द्यायचं आणि येताना कुठल्या पत्त्यावरून आलेलं स्वीकारायचं. म्हणून दोन्ही पायवर सर्व्हरच्या नोंदीत १०.८.०.१/३२ (फक्त सर्व्हरचा पत्ता) ऐवजी १०.८.०.०/२४ (१०.८.० ने सुरू होणारे सगळे पत्ते) लिहिलं. सर्व्हरवर मात्र प्रत्येक पीअरला त्याचा एकच /३२ पत्ता. तिथे दोघांना तीच रेंज दिली, तर ती शेवटी लिहिलेल्याकडे जाते आणि पहिला गप्प होतो.

पायवर पर्सिस्टंट-कीपअलाइव्ह २५ ठेवा, म्हणजे दर २५ सेकंदांनी एक पॅकेट जातं; नाहीतर नॅटची (अनेक उपकरणांना एकाच सार्वजनिक पत्त्यावरून बाहेर नेणारी सोय) नोंद मिटते आणि बाहेरून पॅकेट पोचत नाही.

पायमागच्या इतर उपकरणांपर्यंत जायचं असेल, तर त्या लॅनची (घरातल्या नेटवर्कची) रेंजही अलाउड-आयपीजच्या यादीत घाला. दोन्ही घरांत १९२.१६८.१.० असेल, तर आधी एकीकडची बदला.